डीलरचा पार्ट की बाहेरचा? एका जुन्या भांडणाचा इतिहास

आपल्याकडे गाडी गॅरेजला लावली की मेकॅनिक हमखास विचारतो, "साहेब, ओरिजिनल टाकू की डुप्लिकेट?" अमेरिकेतल्या ट्रकवाल्यालाही अगदी हाच प्रश्न पडतो, फक्त शब्द वेगळे. तिथे एका बाजूला 'डीलर पार्ट' आणि दुसऱ्या बाजूला 'आफ्टरमार्केट'. हायवेवर जे अजस्र अठरा चाकी ट्रक दिसतात, त्यांतले बरेच असे असतात की ज्यांचा ड्रायव्हर हाच मालक असतो. बँकेचा हप्ता त्याचा, डिझेल त्याचे आणि गाडी बंद पडली तर बुडालेला दिवसही त्याचाच. त्यामुळे हा प्रश्न त्याच्यासाठी गप्पांचा विषय नसतो, पोटापाण्याचा असतो.

हिशेब वरवर सोपा दिसतो. समजा, वॉटर पंप गेला. डीलरकडे तो ४०० डॉलरला आहे आणि बाहेरच्या दुकानात २५० ला. म्हणजे दीडशे डॉलर वाचले. पण पंप बसवायची मजुरी दोन्हीकडे तितकीच. आणि स्वस्तातला पंप सहा महिन्यांनी भर वाळवंटात गळायला लागला, तर ट्रक ओढून नेण्याचा खर्च, परत तीच मजुरी आणि हुकलेली डिलिव्हरी, यात ते दीडशे डॉलर कुठल्या कुठे वाहून जातात. आता उलटे बघा. डीलरकडे पंप शिल्लकच नाही, तीन दिवसांनी येणार आहे आणि बाहेरचा आत्ता समोर फळीवर आहे. मग तो महागडा, खात्रीचा पार्ट तीन दिवसांच्या बुडीत कमाईमुळे आणखी महाग पडतो. थोडक्यात, किमतीच्या चिठ्ठीवर जो आकडा असतो तो पार्टची खरी किंमत नसतो.

पण मला या हिशेबापेक्षा त्याच्या मागची गोष्ट जास्त रंजक वाटते. ट्रकवाल्यापुढे हे दोन काउंटर आले कुठून? 'बाहेरचा' पार्ट बनवायची, विकायची आणि बसवायची मोकळीक काही आपोआप मिळालेली नाही. शंभर-दीडशे वर्षांत ती एकेक भांडण करून मिळवावी लागली आहे.

सुरुवात करू १९०८ पासून. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाईल क्लबने एक परीक्षा घेतली. कॅडिलॅकच्या तीन गाड्या घेतल्या, पूर्ण खोलल्या, सगळे भाग एकमेकांत मिसळले, त्यांतले काही काढून घेऊन त्यांच्या जागी डीलरच्या साठ्यातले तसेच भाग ठेवले आणि मग साध्या पान्या-स्क्रूड्रायव्हरांनी तीन गाड्या परत जोडल्या. कानस लावायची परवानगी नव्हती. तिन्ही गाड्या जोडल्या गेल्या आणि ट्रॅकवर पाचशे मैल धावल्या. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्युअर ट्रॉफी मिळाली. आज यात काय विशेष असे वाटेल, पण तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक भाग कारागीर घासून घासून त्या एका गाडीला बसवत असे. 'सुटा भाग' ही कल्पना खऱ्या अर्थाने अशा परीक्षांनी लोकांना पटली.

गंमत म्हणजे ज्या अचूकतेमुळे कंपनीचा पार्ट कुठल्याही गाडीत बसू लागला, त्याच अचूकतेमुळे तिऱ्हाइताचा पार्टही बसू लागला! १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी गाड्या बनवल्या. एकाच साच्याच्या दीड कोटी गाड्या म्हणजे पार्टवाल्यांसाठी केवढा बाजार. जॉर्ज पेपरडाईन नावाच्या माणसाने १९०९ साली कॅन्सस सिटीत पोस्टाने पार्ट विकायचा धंदा सुरू केला. 'वेस्टर्न ऑटो' नावाने तो इतका वाढला की त्याच पैशातून १९३७ साली कॅलिफोर्नियात पेपरडाईन कॉलेज उभे राहिले, आजचे पेपरडाईन विद्यापीठ. १९२५ मध्ये स्वतंत्र पार्टविक्रेत्यांची 'नापा' ही संघटना डेट्रॉइटला स्थापन झाली. १९२८ मध्ये कार्लाइल फ्रेझरने अटलांटातले एक पार्टचे दुकान विकत घेतले आणि कंपनीचे नाव ठेवले 'जेन्युइन पार्ट्स'. गाडी बनवणाऱ्याशी काही संबंध नसलेल्या, बाहेरचा माल विकणाऱ्या दुकानाचे नाव 'अस्सल पार्ट'! नावात काय आहे म्हणतात ते काही खोटे नाही. आज नापा याच कंपनीच्या मालकीचे आहे.

आता पहिले भांडण. पार्ट बनवायचा हक्क कोणाचा? मूळ यंत्राचे पेटंट कंपनीचे असेल, तर त्याचा झिजलेला तुकडा दुसऱ्याने बनवणे ही चोरी का? याचे उत्तर मोटारीच्या जन्माआधीच, १८५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवले होते. प्रकरण होते लाकूड रंधायच्या यंत्राचे. यंत्र कित्येक वर्षे चालायचे, पण त्याची पाती साठ-नव्वद दिवसांत बोथट होऊन बदलावी लागायची. न्यायालय म्हणाले, यंत्र विकत घेणाऱ्याने ते चालू ठेवण्यासाठी पाती बदलणे म्हणजे नवे यंत्र बनवणे नव्हे. ती दुरुस्ती आहे आणि तो मालकाचा हक्क आहे. पुढे १९६१ साली हाच मुद्दा मोटारीच्या बाबतीत आला. उघडझाप करणाऱ्या छताच्या गाड्यांचे कापड साधारण तीन वर्षांत विटून फाटायचे. 'एरो' नावाची कंपनी बदली कापड बनवून विकत होती. पेटंट छताच्या संपूर्ण रचनेचे होते, नुसत्या कापडाचे नव्हते. न्यायालयाने निकाल दिला की रचनेतला जो एकेकटा तुकडा स्वतः पेटंट घेतलेला नाही, तो बदलणे ही दुरुस्तीच. या निकालाने आफ्टरमार्केटच्या धंद्याला भक्कम पाया दिला.

पण कंपन्यांनीही या निकालातून धडा घेतला. अख्ख्या वस्तूच्या पेटंटने तुकडा सांभाळता येत नाही ना, मग तुकड्याचेच पेटंट घ्या! फोर्डने एफ-१५० पिकअप ट्रकच्या बॉनेटच्या आणि हेडलाइटच्या नुसत्या आकाराचे डिझाइन पेटंट घेतले. बाहेरच्या पार्टवाल्यांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि २०१९ साली अपील न्यायालयात ती हरली. म्हणजे अपघातात चेपलेले बॉनेट कोणाकडून घ्यायचे यावर परत कंपनीचा हात आला. हा वाद 'संपला' असे कधीच होत नाही, तो फक्त जागा बदलतो.

दुसरे भांडण विक्रीचे. डीलर हा स्वतंत्र व्यापारी, पण कंपनीशी करार केलेला. त्याने बाहेरचे पार्ट ठेवायचे की नाही? जनरल मोटर्सच्या करारात डीलरने फक्त कंपनीचेच पार्ट वापरावेत अशी अट होती. पिक नावाच्या पार्ट बनवणाऱ्या कंपनीने तिच्याविरुद्ध दावा लावला, पण १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. गाडीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून अशी अट वाजवी आहे, हा कंपनीचा युक्तिवाद टिकला. पण पाचच वर्षांनी, १९४१ मध्ये, फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सला हुकूम दिला की डीलरवर अशी सक्ती करता येणार नाही. अपवाद फक्त अशा भागांचा, जे गाडी नीट चालायला आवश्यक आहेत आणि दुसरीकडे त्या दर्जाचे मिळतच नाहीत. मला हा अपवाद फार शहाणपणाचा वाटतो. दर्जाची काळजी खरी असते आणि दर्जाच्या नावाखाली केलेली अडवणूकही खरी असते. त्या दोहोंना वेगळे करणारी रेघ त्यांनी ओढून दाखवली.

याच मालिकेतली एक अफलातून गोष्ट स्पार्क प्लगची आहे. नव्या गाडीत बसवायचे प्लग बनवणाऱ्या कंपन्या ते मोटार कंपन्यांना खर्चाइतक्या किंवा त्याहूनही कमी भावाने देत. का? तर प्लग गाडीच्या आयुष्यात अनेकदा बदलतात आणि मेकॅनिक आधी जो होता त्याच छापाचा नवा बसवतो. म्हणजे पहिला प्लग ही गुंतवणूक आणि नंतरचे सगळे ही वसुली. फोर्डला ही वसुली स्वतःला हवी होती, म्हणून १९६१ मध्ये त्यांनी ऑटोलाइटचा प्लगचा कारखाना आणि नाव विकत घेतले. सरकारने खटला भरला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोर्डला तो कारखाना विकायला लावलाच, वर दहा वर्षे स्वतः प्लग बनवायचे नाहीत आणि पाच वर्षे निम्मे प्लग त्याच कारखान्याकडून घ्यायचे, असेही बजावले. पुढच्या वेळी कोणी "मूळ जो होता तोच टाका" म्हणाले, तर मूळचा तिथे कसा आला हे आठवावे. तो सगळ्यांत चांगला म्हणूनच आला असेल असे नाही, स्वस्तात मिळाला म्हणूनही आला असेल!

तिसरे भांडण वॉरंटीचे. "बाहेरचा पार्ट लावलात तर वॉरंटी गेली" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने हे वाक्य बरेचसे निकालात काढले. ठरावीक कंपनीचाच पार्ट वापरला पाहिजे अशी अट वॉरंटीला घालता येत नाही, घालायची तर तो पार्ट फुकट द्या किंवा ट्रेड कमिशनकडून खास परवानगी आणा. मात्र इथे मोठ्या ट्रकवाल्याची गोची आहे. हा कायदा घरगुती, वैयक्तिक वापराच्या वस्तूंचा. पिकअप त्यात बसतो, पण अठरा चाकी ट्रक ही धंद्याची वस्तू. तिथे छापील वॉरंटीत जे लिहिले आहे तेच बहुतेक वेळा चालते. त्यामुळे कारवाल्या मित्राने सांगितलेला कायदा ट्रकवाल्याच्या कामाला येईलच असे नाही. फक्त प्रदूषण नियंत्रणाच्या बाबतीत स्वच्छ हवेचा कायदा त्याच्या मदतीला येतो. देखभालीसाठी अमुकच छापाचा पार्ट वापरा अशी अट तिथे इंजिन कंपनीला घालता येत नाही.

आता ट्रकची खरी गंमत. कार ही सहसा एका कंपनीची असते. अमेरिकन ट्रक मात्र कित्येक दशके थाळीसारखा होता, हवे ते पदार्थ निवडून वाढून घ्यायचे. केबिन आणि चेसी केनवर्थची, इंजिन कमिन्स किंवा डेट्रॉइट डिझेलचे, गिअरबॉक्स ईटन-फुलरचा, अ‍ॅक्सल रॉकवेलचा, एअर ब्रेक बेंडिक्सचे. मग 'ओरिजिनल' म्हणजे कोणाचे? केनवर्थच्या डीलरकडे मिळणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह बनवलेला असतो बेंडिक्सने, आणि तोच व्हॉल्व्ह चौकापलीकडच्या स्वतंत्र दुकानात बेंडिक्सच्याच खोक्यात मिळतो. फरक खोक्याचा आणि भावाचा. आणखी खोलात गेलात तर कधीकधी पुण्यालाच पोचाल. मुंढव्याची भारत फोर्ज अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांसाठी पुढच्या अ‍ॅक्सलचे बीम आणि क्रँकशाफ्ट घडवून पाठवते.

म्हणूनच कार कंपन्यांच्या मानाने ट्रक कंपन्यांची बाहेरच्या मालावरची पकड ढिली राहिली. शेवटी त्यांनी शहाणपणाने दुसरा रस्ता धरला, आपणच बाहेरचा माल विकायचा! केनवर्थ आणि पीटरबिल्टची मालक असलेल्या पॅकारने 'टीआरपी' नावाने, डेमलरने 'अलायन्स' नावाने, नॅव्हिस्टारने 'फ्लीटराइट' आणि व्होल्वोने 'रोड चॉइस' नावाने स्वस्त पार्टची दुसरी फळी डीलरच्याच दुकानात मांडली. ती दुसऱ्या कंपन्यांच्या ट्रकांनाही चालते. म्हणजे आता डीलरकडे गेलो म्हणून ओरिजिनल मिळाला असे नाही आणि बाहेर गेलो म्हणून नकली मिळाला असेही नाही.

पण २००० नंतर वारे फिरले. डेमलरने २००० साली डेट्रॉइट डिझेल विकत घेतली, व्होल्वोने २००१ मध्ये मॅक घेतली, पॅकारने २०१० मध्ये स्वतःचे एमएक्स इंजिन अमेरिकेत आणले. थाळी जाऊन पुन्हा एकाच हॉटेलचे ठरलेले ताट आले. त्यातच २००७ आणि २०१० च्या प्रदूषण नियमांमुळे धुराड्यात काजळीचा फिल्टर, युरियाचे इंजेक्शन, डझनभर सेन्सर आणि ते सांभाळणारे कॉम्प्युटर आले. आता पार्ट बाहेर मिळतो, पण तो बसवल्यावर कॉम्प्युटरला 'हा तुझा नवा सेन्सर' असे सांगणारे सॉफ्टवेअर कंपनीकडे. भांडण लोखंडावरून माहितीवर आले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये तब्बल ८६ टक्के मतांनी 'दुरुस्तीचा हक्क' कायदा मंजूर केला. त्या धसक्याने मोटार कंपन्यांनी २०१४ मध्ये देशभरासाठी समझोता केला की डीलरला मिळणारी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी किमतीत मिळेल. २०१५ मध्ये मोठ्या ट्रकांसाठी तसाच करार झाला. पण करार म्हणजे कायदा नव्हे. पाळला नाही तर काय, हा प्रश्न राहतोच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे कंपन्या खलनायक आणि बाहेरचे पार्टवाले नायक. इतके सरळ असते तर बरे झाले असते. आता ब्रेकचे उदाहरण घ्या.

अमेरिकेत ट्रकचे जास्तीत जास्त वजन साधारणपणे ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. असा ट्रक ताशी ६० मैलांवरून थांबवायचा तर सुमारे १३ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. एवढ्या उष्णतेने जवळजवळ ३९ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल, आणि हे सगळे काही सेकंदांत! २००९ साली सरकारने नियम कडक केला. पूर्वी पूर्ण भरलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ६० मैलांवरून ३५५ फुटांत थांबायची मुभा होती, ती २५० फुटांवर आणली. २०११ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला. कंपन्यांनी त्यासाठी ब्रेक मोठे केले, लायनरचे मिश्रण बदलले. पण हा नियम नव्या ट्रकला लागू आहे. तोच ट्रक दोन वर्षांनी लायनर बदलायला गेला, तर बदली लायनरने किती फुटांत थांबवले पाहिजे असा कुठलाही केंद्रीय नियम नाही! ब्रेकच्या होजला आहे, दिव्यांना आहे, पण लायनरला नाही. लायनरच्या कडेवर 'एफएफ' सारखी दोन अक्षरे छापलेली असतात. ती घर्षणाचा गुणांक सांगतात, पण तो मोजलेला असतो एक चौरस इंचाच्या नमुन्यावर. तापलेल्या ड्रममध्ये, ३६ टन मागे ढकलत असताना तो लायनर काय करेल हे ती अक्षरे सांगत नाहीत. एकाच छापाची अक्षरे असलेले दोन लायनर उतारावर अगदी निराळे वागू शकतात. एका अ‍ॅक्सलच्या दोन बाजूंना निराळे लायनर पडले तर गाडी एकीकडे ओढते. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर पडले तर एकच अ‍ॅक्सल सगळे काम करून आधी तापतो.

ट्रकवाल्यांच्याच संघटनेच्या तांत्रिक मंडळाने यावर उपाय म्हणून लायनर पूर्ण आकाराच्या यंत्रावर तपासून त्यांची यादी करायची शिफारस तयार केली आहे. पण ती ऐच्छिक. जो बनवणारा त्यात उतरतो तो बाहेरचा असला तरी विश्वासाचा, आणि जो उतरत नाही त्याच्याबद्दल फक्त भाव कळतो. म्हणजे बघा, शंभर वर्षे भांडून मिळालेले निवडीचे स्वातंत्र्य इथे आहे, पण निवड करायला लागणारी माहिती नाही. आणि चुकीच्या निवडीची किंमत मोजतो तो समोरच्या छोट्या गाडीतला माणूस, ज्याला कोणी विचारलेले नसते.

आपल्याकडेही हे सगळे येऊन पोचले आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय, तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाही. प्रकरण पुढे अपिलांत गेले, पण प्रश्न मांडला गेला. अडचण ही आहे की आपण एकाच 'डुप्लिकेट' शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, कंपनीला माल देणाऱ्यानेच स्वतःच्या नावाने विकलेला पार्ट. दोन, दुसऱ्या कोणी स्वतःच्या नावाने, उघडपणे बनवलेला पार्ट. आणि तीन, दुसऱ्याच्या नावाचे खोटे खोके छापून खपवलेला नकली माल. पहिला बहुधा ओरिजिनलच असतो. दुसरा चांगला किंवा वाईट असू शकतो, पण निदान बनवणारा नाव लावून समोर उभा असतो. तिसरा निव्वळ फसवणूक. तिघांना एकच नाव दिले की त्यात फायदा दोघांचाच होतो, महाग विकणाऱ्याचा आणि फसवणाऱ्याचा.

अनुभवी ट्रकवाले काय करतात? ते पार्टला विचारतात, तू फेल झालास तर काय होईल? दिवा, आरसा, मडगार्ड, फिल्टर यांच्यासाठी नावाजलेला बाहेरचा माल बिनधास्त घेतात. इंजिनच्या पोटातल्या, बदलायला दोन दिवस लागणाऱ्या भागासाठी मजुरीचा विचार करून चांगल्यातला घेतात. आणि ब्रेक-स्टिअरिंगसाठी खोक्यावर कोणाचे नाव आहे यापेक्षा तो कोणत्या कसोटीतून गेला आहे हे विचारतात. डीलर की बाहेरचा, याचे एकच एक उत्तर शंभर वर्षांत कोर्टालाही देता आलेले नाही. पण 'बनवला कोणी आणि तपासला कसा' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक खोक्यावर असले पाहिजे, एवढे तरी आपण ग्राहक म्हणून मागू शकतो. पुढच्या वेळी मेकॅनिकने "ओरिजिनल की डुप्लिकेट?" विचारले, तर त्याला उलट हाच प्रश्न विचारून बघा.